व्हेक्टर कॅल्क्युलस: गणित आणि फिजिक्सच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची, म्हणजे एम-थ्रीवाली (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) मुलं आणि बी.एस्सी.ची फिजिक्स-गणिताची मुलं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्लची सूत्रं पाठ आहेत. पण अर्थ काय?

ग्रेडियंट अदिश क्षेत्रावर चालतो (तापमान, उंची, पोटेन्शियल) आणि सदिश देतो. त्याची दिशा म्हणजे ती राशी सर्वांत वेगाने वाढते ती दिशा. त्याचं मान म्हणजे त्या दिशेने दर मीटरला होणारी वाढ.

डायव्हर्जन्ससाठी बिंदूभोवती एक छोटी बंद पेटी घ्या. तिच्या सगळ्या बाजूंमधून निव्वळ बाहेर जाणारा फ्लक्स (पृष्ठातून आरपार जाणारा क्षेत्राचा एकूण प्रवाह) काढा, पेटीच्या घनफळाने भागा आणि पेटी आकसत शून्याकडे न्या. येणारी संख्या म्हणजे डायव्हर्जन्स.

कर्लसाठी पेटीऐवजी छोटं वळं घ्या. वळ्याभोवतीचं सर्क्युलेशन (वळ्यावरून एक फेरी मारताना क्षेत्राचं लाइन इंटिग्रल) भागिले वळ्याचं क्षेत्रफळ. वळं वेगवेगळ्या बाजूंना कलवून बघा. ज्या स्थितीत ही संख्या सर्वांत मोठी येते, तेव्हाचा वळ्याचा लंब ही कर्लची दिशा, उजव्या हाताच्या नियमाने.

या व्याख्या आहेत. अर्धवट डेरिव्हेटिव्हची जी सूत्रं तुम्ही पाठ करता, ती या व्याख्यांवरून कार्टेशियन निर्देशांकांत निघालेली उत्तरं आहेत. वर्गात बहुतेकदा उलटं होतं. सूत्र ‘डेफिनिशन’ म्हणून फळ्यावर येतं आणि अर्थ एका वाक्यात उरकला जातो. खालचे निम्म्याहून जास्त गोंधळ तिथूनच सुरू होतात, म्हणून पुढे जायच्या आधी हे उत्तर दोनदा वाचा.

२. एम-थ्रीला चांगले मार्क होते, तरी इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये तेच कर्ल-डायव्हर्जन्स का अडतं?

कारण दोन्ही पेपर वेगळं काम मागतात. गणितात सदिश क्षेत्र सूत्रासकट हातात मिळतं, वक्र टी-च्या रूपात दिलेला असतो आणि तुम्ही इंटिग्रल सोडवता. फिजिक्समध्ये सूत्रच नसतं. ‘लांब सरळ तार आहे, तिच्यावर एकसारखा चार्ज आहे’ एवढंच सांगतात. क्षेत्र कुठल्या दिशेला असेल, कशावर अवलंबून असेल आणि कुठलं पृष्ठ घेतलं तर इंटिग्रल नुसत्या गुणाकाराने सुटेल, हे सगळं तुम्हाला सिमेट्रीवरून ठरवायचं असतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. बेल्जियममधलं केयू ल्यूवेन आणि आयर्लंडमधली डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये इलेक्ट्रोडायनॅमिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकडेमोड मुलांना बऱ्यापैकी जमत होती. क्षेत्राचं चित्र समोर ठेवून डायव्हर्जन्स किंवा कर्ल कुठे शून्य नाही हे विचारलं, की ती अडखळत होती.

उपाय साधा आहे, फक्त नेटाने करावा लागतो. कुठलंही गणित सोडवण्याआधी कागदावर आठ-दहा ठिकाणी क्षेत्राचे बाण काढा. डायव्हर्जन्स धन येईल, ऋण येईल की शून्य, याचा अंदाज बाजूला लिहा. मग आकडेमोड करा. अंदाज चुकला तर उत्तरपत्रिकेपेक्षा त्या चुकीवर जास्त वेळ घालवा.

३. गणिताचे सर आणि फिजिक्सच्या मॅडम थीटा आणि फाय उलटे वापरतात. बरोबर कोणाचं?

दोघांचंही. फिजिक्समध्ये आणि आयएसओच्या मानकात थीटा हा झेड-अक्षापासून मोजतात (० ते पाय) आणि फाय अक्षाभोवती फिरतो (० ते २ पाय). अमेरिकन कॅल्क्युलसच्या अनेक पाठ्यपुस्तकांत नावं बरोबर उलटी असतात, कारण सपाट पोलर निर्देशांकांत गोल फिरणाऱ्या कोनाला त्यांनी आधीच थीटा म्हटलेलं असतं. घनफळाच्या घटकात जो साइन येतो, तो नेहमी झेड-अक्षापासून मोजलेल्या कोनाचा असतो, मग त्याचं नाव काहीही असो. पानाच्या वरच आपला संकेत लिहून टाका.

याहून खोल फरक आणखी एक आहे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत गणित आणि फिजिक्सच्या प्राध्यापकांनी मिळून या दोन विषयांमधली दरी बुजवण्याचं काम केलं आहे. त्यांचा एक प्रश्न असा: टी(एक्स, वाय) = के(एक्स² + वाय²), तर टी(आर, थीटा) किती? फिजिक्सवाला म्हणतो के आर². त्याच्या मते टी म्हणजे त्या जागेचं तापमान, जागेला नाव कुठलंही द्या. गणितवाला म्हणतो के(आर² + थीटा²), कारण त्याच्यासाठी टी हा नियम आहे आणि नियमात जे घालाल त्याचा वर्ग होणार. दोघंही आपल्या भाषेत अचूक आहेत. अक्षर तेच, पण ते कशाचं नाव आहे हे या तासातून त्या तासात जाताना बदलतं, आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला क्वचितच कोणी सांगतं.

४. डोंगराचं उदाहरण देतात, तेव्हा ग्रेडियंटचा बाण चढावर ठेवायचा की नकाशावर?

नकाशावर. उंची ही एक्स आणि वाय या दोनच चलांची असते, म्हणून तिच्या ग्रेडियंटला दोनच घटक. वर आभाळाकडे जाणारा तिसरा घटक नाही.

हातात टोपोशीट घेऊन बघा. १:५०,००० प्रमाणाच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर सह्याद्रीतल्या एखाद्या धारेवर, समजा कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) उतारावर, बोट ठेवा. लगतच्या दोन कंटूर (समान उंचीच्या) रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक धरा आणि त्या कागदावर एकमेकींपासून २ मिलिमीटरवर आहेत असं माना. २ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १०० मीटर. तेव्हा ग्रेडियंटचं मान २० भागिले १००, म्हणजे ०.२. दिशा कंटूरला काटकोनात, जास्त उंचीच्या बाजूला. रेषा जितक्या दाट, तितका बाण लांब. अगदी माथ्यावर उंची सर्वांत जास्त असते, पण ग्रेडियंट शून्य असतो. मूल्य आणि बदलाचा दर यांची गल्लत इथे हमखास होते.

परीक्षेत ‘पृष्ठभागाला लंब एकक सदिश काढा’ असं आलं, तर ते फलन वेगळं आहे: एफ = झेड वजा उंची, तीन चलांचं. त्याचा ग्रेडियंट डोंगराच्या पृष्ठभागातून काटकोनात बाहेर येतो.

५. बाण एकमेकांपासून दूर पसरत असतील तर डायव्हर्जन्स धन, बरोबर ना?

नाही. सगळ्यांत जास्त वेळा येणारी चूक हीच. बिंदू-चार्जचं विद्युत क्षेत्र घ्या. बाण चहूकडे पसरतात, तरी चार्जची जागा सोडली तर डायव्हर्जन्स सगळीकडे शून्य आहे. क्षेत्र १/आर² ने कमी होतं, गोलाचं क्षेत्रफळ ४ पाय आर² ने वाढतं आणि गुणाकार कायम राहतो. त्यामुळे दोन गोलांच्या मधल्या जागेत जेवढा फ्लक्स शिरतो, तेवढाच बाहेर पडतो.

आता उलट उदाहरण. क्षेत्र (एक्स, ०, ०), एक्स धन असलेल्या बाजूला बघा. सगळे बाण समांतर, पसरण्याचं नाव नाही, तरी डायव्हर्जन्स सगळीकडे १. पेटीच्या उजव्या बाजूने बाहेर पडणारा बाण डाव्या बाजूने आत येणाऱ्यापेक्षा मोठा आहे, बस. बाणांचा आकार आणि बाणांची पांगापांग, दोन्ही मिळून हिशोब होतो. चित्रावर कायम प्रश्न १ मधली पेटी काढूनच ठरवा.

६. सरळ वाहणाऱ्या पाण्याला कर्ल कसा असेल? आणि गोल फिरणाऱ्याला शून्य कसा?

पहिलं उदाहरण: वेग (वाय, ०, ०). नदीच्या काठापासून आत जावं तसा वेग वाढतो, पण प्रत्येक कण सरळ रेषेत जातो. या पाण्यात काड्यांचं छोटं चाक सोडा. वरच्या काडीला जोरात धक्का, खालच्या काडीला कमी. चाक घड्याळाच्या दिशेने फिरू लागेल. कर्ल झेड-दिशेत −१.

दुसरं: पाणी केंद्राभोवती गोल फिरतंय, पण वेग १/आर ने कमी होतोय. इथे चाक केंद्राभोवती प्रदक्षिणा घालेल, स्वतःभोवती मात्र फिरणार नाही. केंद्र सोडून कर्ल शून्य. याच्या जोडीला तबकडीसारखं एकसंध फिरणं घ्या, वेग = ओमेगा गुणिले आर. तिथे कर्ल सगळीकडे २ ओमेगा, अगदी कडेलाही. कर्ल हा त्या बिंदूचा गुण आहे. प्रवाहाची मोठी वाट वाकडी की सरळ, यावरून तो ठरत नाही.

७. डेल हा खरा सदिश आहे का? मग डायव्हर्जन्स म्हणजे डॉट प्रॉडक्टच ना?

लिहायला सोयीचं म्हणून तसं लिहितात. डेल (∇) हा ऑपरेटर आहे, म्हणजे डेरिव्हेटिव्ह घ्यायची सूचना. त्याच्या उजवीकडे काहीतरी असल्याशिवाय त्याला किंमत नाही. डॉट प्रॉडक्टमध्ये क्रम बदलला तरी चालतो, इथे चालत नाही: ∇·एफ ही संख्या आहे, एफ·∇ हा आणखी एक ऑपरेटर.

क्रॉस प्रॉडक्टबाबतही तसंच. ए × बी हा बी-ला लंब असतो, म्हणून ∇ × एफ हा एफ-ला लंबच असणार असं अनेकजण लिहितात. (−वाय, एक्स, १) हे क्षेत्र तपासा. कर्ल येतो (०, ०, २). दोघांचं डॉट प्रॉडक्ट २, शून्य नाही.

ही खूण आली कुठून तेही सांगते, कारण त्याने डॉट आणि क्रॉसचं कोडं सुटतं. हॅमिल्टनने १८४३ मध्ये क्वाटर्नियन (चार घटकांच्या संख्या) शोधले. त्यांच्या गुणाकारात डेल लावला की उत्तराचे आपोआप दोन तुकडे पडतात, एक अदिश आणि एक सदिश. मॅक्सवेलच्या १८७३ च्या ग्रंथात अदिश तुकड्याला ‘कन्व्हर्जन्स’ म्हटलं आहे, म्हणजे आजच्या डायव्हर्जन्सचं उलट चिन्ह. सदिश तुकडा तो कर्ल. १८८० च्या दशकात अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड यांनी स्वतंत्रपणे हे दोन तुकडे वेगळे केले. आपण शिकतो ती पद्धत त्यांची.

८. अनंतापासून चार्जपर्यंत येताना डीआर उणे घ्यायचा का?

नाही. पोटेन्शियल काढताना वाट आतल्या बाजूला जाते, म्हणून मुलं डीआर-ला उणे लावतात आणि शिवाय अनंत ते आर अशा मर्यादाही लावतात. दिशा दोनदा मोजली जाते आणि धन चार्जचं पोटेन्शियल ऋण येतं. विस्थापनाचं सूत्र जसंच्या तसं ठेवा, आर-दिशेत डीआर. दिशेची जबाबदारी मर्यादांवर सोडा. आर कमी होत असेल तर डीआर आपसूकच ऋण असतो.

९. पृष्ठाचा लंब कुठल्या बाजूला घ्यायचा?

बंद पृष्ठ असेल तर बाहेर. उघडं पृष्ठ असेल तर कडेवर फिरण्याची दिशा आधी ठरवा, मग उजव्या हाताने लंब. मोबियस पट्टीसारख्या पृष्ठाला दोन बाजूच नसतात, तिथे फ्लक्स ही कल्पनाच लागू होत नाही.

पृष्ठ एक्स-वाय प्रतलावर प्रोजेक्ट करताना लंबाच्या झेड-घटकाने भागतात. सिलिंडरच्या कुशीवर हा घटक शून्य असतो, तेव्हा दुसऱ्या प्रतलावर प्रोजेक्ट करा किंवा सरळ सिलिंड्रिकल निर्देशांक वापरा.

१०. गॉस, स्टोक्स, ग्रीन यांतलं कोणतं प्रमेय कधी लावायचं?

बंद पृष्ठातून फ्लक्स विचारला असेल तर गॉस (फ्लक्स = आतल्या डायव्हर्जन्सचं घनफळावरचं इंटिग्रल). बंद वक्रावर लाइन इंटिग्रल असेल तर स्टोक्स (सर्क्युलेशन = त्या कडेच्या पृष्ठातून कर्लचा फ्लक्स). तोच वक्र सपाट प्रतलात असेल तर स्टोक्सचं सपाट रूप म्हणजे ग्रीन.

अर्धगोल दिसला की थांबा. ‘अर्धगोलातून फ्लक्स’ म्हटलं आणि तळ सांगितला नसेल, तर पृष्ठ उघडं आहे. गॉस लावायचा असेल तर तळ जोडा आणि शेवटी तळाचा फ्लक्स वजा करा. हे वजा करणं राहून गेल्याने दरवर्षी मार्क जातात. पण फ्लक्स जर कर्लचाच असेल तर काम सोपं होतं. कड तीच असेल तर कुठलंही पृष्ठ चालतं, म्हणून अर्धगोलाऐवजी चकती घ्या. क्षेत्र (−वाय, एक्स, ०), त्रिज्या १: कर्ल (०, ०, २), चकतीचं क्षेत्रफळ पाय, उत्तर २ पाय. कडेवरून लाइन इंटिग्रल काढून पडताळा, तेच येईल.

स्टोक्सचं म्हणतात ते प्रमेय मुळात विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, जुलै १८५० मध्ये स्टोक्सला पत्रातून कळवलं होतं. स्टोक्सने ते १८५४ च्या केंब्रिजच्या स्मिथ प्राइझ परीक्षेत घातलं आणि त्याचं नाव चिकटलं. ती परीक्षा देणाऱ्यांत मॅक्सवेल होता.

११. एफ = ∇फाय की उणे ∇व्ही? आणि स्केलर पोटेन्शियलचं उत्तर दुप्पट का येतं?

गणितात उणे नाही, फिजिक्समध्ये उणे, कारण तिथे बल कमी ऊर्जेकडे ढकलतं. पेपर कुठला आहे ते बघा.

दुप्पट येण्याचं कारण वेगळं. क्षेत्र (२ एक्स वाय + झेड³, एक्स², ३ एक्स झेड²) घ्या. पहिल्या घटकाचं एक्स-ने इंटिग्रेशन: एक्स² वाय + एक्स झेड³. दुसऱ्याचं वाय-ने: एक्स² वाय. तिसऱ्याचं झेड-ने: एक्स झेड³. तिन्हींची बेरीज केली की सगळं दुप्पट. बेरीज करायची नसते. ही एकाच फलनाची तीन अर्धवट दर्शनं आहेत. वेगवेगळी पदं एकेकदाच घ्या: एक्स² वाय + एक्स झेड³ + स्थिरांक. शेवटी ग्रेडियंट घेऊन तपासायला अर्धा मिनिट लागतो.

१२. गोलीय निर्देशांकांत डायव्हर्जन्समध्ये आर² कुठून येतो?

प्रश्न १ मधल्या पेटीतून. आर आणि आर + डीआर या दोन गोलांच्या मधला एक छोटा तुकडा घ्या. आतल्या बाजूचं क्षेत्रफळ आर² च्या प्रमाणात, बाहेरच्या बाजूचं (आर + डीआर)² च्या. बाहेरची बाजू मोठी आहे, म्हणून क्षेत्र जराही बदललं नाही तरी बाहेर जाणारा फ्लक्स जास्त. तेव्हा बदल ‘आर² गुणिले एफ’ या गुणाकाराचा मोजायचा आणि घनफळातल्या आर² ने भागायचं.

पडताळा: एफ = आर, दिशा बाहेर. आर² गुणिले आर म्हणजे आर³, त्याचं डेरिव्हेटिव्ह ३ आर², भागिले आर² म्हणजे ३. तेच क्षेत्र कार्टेशियनमध्ये (एक्स, वाय, झेड), डायव्हर्जन्स १ + १ + १ = ३. नुसतं आर-ने डेरिव्हेटिव्ह घेतलं असतं तर १ आलं असतं. ही आकडेमोड एकदा स्वतः केली की सूत्र विसरलं तरी परत काढता येतं. जॅम फिजिक्स किंवा गेट या प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्यांनी तर ती केलीच पाहिजे.

१३. १/आर² चा डायव्हर्जन्स शून्य, मग गोलातून फ्लक्स ४ पाय कसा? गॉसचं प्रमेय मोडलं का?

मोडलं नाही, त्याची अट मोडली. गोलाच्या आत सगळीकडे क्षेत्र नीट वागणारं हवं, आणि केंद्रात ते अनंत होतं. डायव्हर्जन्स शून्य हे फक्त केंद्र सोडून खरं आहे. केंद्राचं योगदान मोजायला फिजिक्समध्ये डिरॅक डेल्टा (एकाच बिंदूत एकवटलेली, एकूण इंटिग्रल १ असलेली राशी) वापरतात: डायव्हर्जन्स = ४ पाय गुणिले डेल्टा. भौतिक अर्थ सरळ आहे. सगळा चार्ज त्या एका बिंदूत आहे, तर सगळा उगमही तिथेच.

१४. कर्ल शून्य आला. मग क्षेत्र कॉन्झर्व्हेटिव्हच ना?

कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे कुठल्याही बंद वाटेवर सर्क्युलेशन शून्य देणारं, पोटेन्शियल असलेलं क्षेत्र. प्रदेशाला आरपार भोक नसेल तरच हे हमखास खरं. लांब तारेतून प्रवाह आय जातोय. तारेबाहेर चुंबकीय क्षेत्र १/आर ने कमी होतं आणि गोल फिरतं, म्हणजे प्रश्न ६ मधलं दुसरं उदाहरण. बाहेर सगळीकडे कर्ल शून्य. तरी तारेभोवती एक फेरी मारली की सर्क्युलेशन म्यू-नॉट (एक स्थिरांक) गुणिले आय येतं, शून्य नाही. कारण तारेची जागा प्रदेशातून वगळली आहे आणि तिच्याभोवतीचं वळं प्रदेशाबाहेर न जाता आकसून बिंदू होऊ शकत नाही. तारेला वळसा न घालणाऱ्या वाटांपुरतं पोटेन्शियल चालतं. विद्यापीठाच्या पेपरांत क्षेत्र बहुतेकदा सगळ्या अवकाशात गुळगुळीत असतं, म्हणून ‘कर्ल शून्य, सबब कॉन्झर्व्हेटिव्ह’ चालून जातं. भाजकात एक्स² + वाय² दिसलं की मात्र सावध व्हा.

१५. सदिशाचा लाप्लासियन घटकागणिक काढला तर चालतं का?

लाप्लासियन म्हणजे दुसऱ्या अर्धवट डेरिव्हेटिव्हची बेरीज. घटकागणिक चालतं ते फक्त कार्टेशियनमध्ये. पोलरमध्ये एकक सदिशच जागेगणिक फिरतात. एक्स-दिशेचं स्थिर क्षेत्र घ्या. त्याचा लाप्लासियन शून्य असलाच पाहिजे. पण पोलरमध्ये त्याचा आर-घटक कोसाइन फाय आहे आणि त्याचा नुसता अदिश लाप्लासियन −कोसाइन फाय / आर² येतो. अशा वेळी ग्रेडियंट ऑफ डायव्हर्जन्स वजा कर्ल ऑफ कर्ल ही ओळख वापरा.

१६. डिफरन्शियल फॉर्म्स शिकले तर हे सगळं सोपं होईल का?

नीटनेटकं होईल. (डिफरन्शियल फॉर्म्स म्हणजे रेषा, पृष्ठ, घनफळ यांवर इंटिग्रेट करायच्या राशींची एकच भाषा.) ग्रेडियंटचं मूलभूत प्रमेय, ग्रीन, स्टोक्स आणि गॉस ही त्या भाषेत एकाच विधानाची रूपं आहेत. कर्लला सदिश म्हणून दाखवता येणं ही तीन मितींची सोय आहे, हेही तिथे स्पष्ट दिसतं. चार मितींत त्याच जागी सहा घटकांची विषम-सममित राशी येते, आणि सापेक्षतेत विद्युत क्षेत्राचे तीन आणि चुंबकीय क्षेत्राचे तीन घटक मिळून ती भरते. पण आधी प्रश्न १२ मधला आर² स्वतःच्या हाताने काढून बघा आणि प्रश्न १४ मधल्या तारेभोवतीचं इंटिग्रल सोडवा. ते जमलं की एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात फॉर्म्स सुरू करायला हरकत नाही.